टाकी डोक्यार

मिठागरावरच्या पंपाचं इंजिन
मी गवत कापायच्या मशीनवर चढवलं.
तीन बोल्ट मुकाट बसले,
चौथ्यासाठी भोक कानशीने लांबवलं,
आणि साखळी दात्यांवर बसली तेव्हा
माझी मीच पाठ थोपटली, ग्रीसच्या हाताने.

सांतान डिसोजा दाराशी उकिडवा.
"परवा मेल्यांचो दिस हा," तो म्हणाला,
"सिमितेरीत गवात कमरेक लागता."

दोरी ओढली.
पुन्हा ओढली.
इंजिन साधं खोकलंही नाही.

प्लग काढून पत्र्याला टेकवला:
ठिणगी निळी, टणक.
म्हणजे जीव आहे.
पण प्लगचं टोक कोरडं ठणठणीत,
वाळत घातलेल्या सुंगटासारखं.
चमचाभर पेट्रोल नरड्यात ओतलं.
गर्जलं, थरथरलं,
तेवढं पिऊन गप्प झालं.
म्हणजे भूकही आहे. घासच पोचत नाही.

मग कार्बोरेटर उघडला.
जेटमधून वायरीची एकेरी तार फिरवली,
फ्लोट कानाशी धरून हलवला, नारळ हलवतात तसा,
आत काही डुचमळत नव्हतं.
नळी फुंकली, तोंडभर पेट्रोल आलं.
फिल्टरवरचा बाण पाहिला. बाण बरोबर.
टाकीची चावी उघडी.
सगळं बरोबर, आणि इंजिन बंद.
सांतान काही न बोलता उठून गेला,
हे त्याने बोलण्यापेक्षा वाईट.

रात्री सोलकढीलाही पेट्रोलचा वास.

सकाळी सत्यभामा आरोसकर आली,
इंजिनाचे राहिलेले चारशे रुपये मागायला.
अकरा हंगाम तिने हेच इंजिन चालवलं होतं
शिरोड्याच्या मिठागरात,
खाडीचं पाणी वाफ्यांत चढवायला.
मशीनभोवती एक फेरी मारली.
मग म्हणाली,
"मेल्या, ह्येची टाकी डोक्यार होती आमच्याकडे.
तू पायाकडे ठेवलंस.
पेट्रोल काय आपणहून घाट चढतला?"

जुन्या इंजिनाला एक बारका पंप होता,
इंजिनाच्याच धापेवर चालणारा,
खालच्या टाकीतून ओढून घेणारा.
तो मीच उतरवून भंगाराच्या डब्यात टाकलेला,
फालतू म्हणून.
या इंजिनाला ओढणं माहीतच नव्हतं.
त्याला आजवर वरून मिळत आलं होतं.

तिने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल घेतलं,
नळी बुडाला खोचायला लावली,
आणि हात उंच करून उभी राहिली,
सलाइन धरतात तशी.
मी दोरी ओढली.
लागलं!
मी नाचायचा बाकी होतो.
ती हसली नाही. कान देऊन ऐकत होती.
"खोकता अजून. चोक काढ."

दुपारपर्यंत खाटेच्या पट्ट्यांचा स्टँड जोडला,
टाकी वीतभर वर.
सात मिनिटं चाललं. मेलं.
झाकण सैल केलं तर फुस्स करून
टाकीने हवा आत ओढली.
पुन्हा सात मिनिटं. पुन्हा मेलं.
आता मलाही कळलं कुठे बघायचं:
झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक,
आणि टाकी चार दिवस वळचणीला होती तेवढ्यात
कुंभारमाशीने ते लिंपून टाकलेलं,
सुबक, बोट फिरवल्यासारखं.
सत्यभामाने बांगडीतली पिन काढून दिली.
मातीचा एक कण पडला.
एवढ्याशा कणासाठी मी दोनदा
अख्खा कार्बोरेटर खोलायला निघालो होतो.

सिमितेरीत संध्याकाळपर्यंत मशीन थांबलं नाही.
गवत आडवं होत गेलं तशी नावं वर येत गेली.
एका दगडापाशी सांतानने हात वर केला,
मी चोक ओढून वळसा घेतला.
कोणाचा दगड, विचारलं नाही.

बिलात मी स्टँड लावला, पट्ट्या लावल्या,
निदानाचे पैसे लावायला पेन अडलं.
ते सत्यभामाच्या चारशेत मिळवून दिले.

आज मशीन परत शेडमध्ये, तेल बदलायला.
माशी आली आहे, तोंडात गोळा ओल्या मातीचा,
झाकणाभोवती फिरतेय,
भोकात डोकावून बघतेय.
मी फडकं घ्यायला उठलो,
आणि ती काय करते बघत तसाच उभा राहिलो.